ताहिती बेटावरील गवंडी मिशनरी

पॅसिफिक महासागराच्या उष्ण कटिबंधांत ताहिती नांवाचें एक बेट आहे. इ. स. १७९५ मध्यें स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीनें आपली पहिली मंडळी याच बेटाकडे पाठविली. १७९६ च्या ऑगस्ट महिन्यांत तीस मिशनरी, त्यांपैकीं सहा जणांच्या पत्नी आणि तीन मुलें यांस घेऊन 'डफ' नांवाचें जहाज टेम्स नदींतून निघालें. त्याचा कप्तान जेम्स विल्सन आपल्या देशाला अगदींच परका नव्हे. पूर्वीं तो हैदर अलीच्या कैदेंत श्रीरंगपट्टण येथें बेड्यांत पडला होता.

या तीस जणांत दीक्षित पाळक अवघे चार. बाकीचे बहुतेक सुतार, गवंडी, विणकर, शिंपी, जोडे शिवणारे असे कारागीर होते. आधीं हातांचें कौशल्य शिकवावें, म्हणजे सुवार्तेस वाट मोकळी होईल, असा सोसायटीचा हिशेब होता. हिशेब वाईट नव्हता. परंतु शिकविणारे ते हे आणि शिकणारे ते बेटवासी, एवढें त्यांत गृहीत धरलें होतें.

५ मार्च १७९७ रोजीं जहाज मातावाईच्या उपसागरांत पोहोंचलें. दुभाषे मिळाले ते दोन स्वीडिश खलाशी; ते आधींपासूनच बेटावर राहत होते. त्याच महिन्यांत तेथील मुख्यांनीं समारंभपूर्वक मातावाईचा प्रदेश पाहुण्यांच्या स्वाधीन केला. मिशनरी समजले कीं, जमीन आपल्या मालकीची झाली. बेटवासीयांच्या मनांत एवढेंच होतें कीं, पाहुण्यांनीं येथें सुखानें रहावें. शब्द पोहोंचले, अर्थ मागें राहिला. पुढें रॉबर्ट स्मर्क या चित्रकारानें हा प्रसंग मोठ्या थाटानें रंगविला. त्या चित्रांत मात्र सर्वांचा समज एकच दिसतो!

वर्षभरांतच मंडळी फुटली. मिशनऱ्यांस मारहाण झाली, आणि मार्च १७९८ मध्यें अकरा जण सिडनीकडे निघून गेले. टोंगा बेटांत उतरलेल्या त्यांच्या सोबत्यांपैकीं तिघे १७९९ मध्यें मारले गेले.

मागें राहिलेल्यांत हेन्री नॉट हा गवंडी होता. वय सुमारें तेवीस, विद्यापीठाचें तोंड पाहिलेलें नाहीं. त्यानें बेटवासीयांची भाषा शिकावयास घेतली. तिला लिपि नव्हती, मग व्याकरण व कोश कोठून असणार? तींत क, ग, च, स, ल हे ध्वनि नाहींत. कप्तान कुकचें नांव तेथें 'तूते' असें झालें होतें. परंतु खरी अडचण ध्वनींची नव्हे. इंग्रजींत 'आम्ही' व 'आपण' या दोहोंस एकच शब्द आहे. ताहितीच्या भाषेंत, आपल्या मराठीप्रमाणेंच, ऐकणाऱ्यास धरून 'आपण' निराळें आणि त्यास वगळून 'आम्ही' निराळें. शिवाय दोघांपुरतीं रूपें आणखी वेगळीं. देवापुढें 'आमच्या पापांची क्षमा कर' असें न म्हणतां 'आपल्या पापांची' म्हटलें, तर देवासही पाप्यांत बसविल्यासारखें होईल. मराठी मुलाला हा भेद आईच्या मांडीवर कळतो. इंग्रज माणसाला तो कानांनींच वेंचावा लागतो, आणि त्यासाठीं लोकांत बसावें लागतें. १८०२ मध्यें, म्हणजे बेटावर आल्यास पांच वर्षें होत असतां, नॉट व त्याचा सहकारी एल्डर यांनीं सबंध बेटाला फेरी घालून लोकांच्याच भाषेंत उपदेश केला.

याच काळांत बाहेरच्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनीं बेटवासी झपाट्यानें मरत होते, हें विसरून चालणार नाहीं. जी भाषा लिहून काढावयाची, ती बोलणारेच कमी होत होते.

१८०८ च्या यादवींत बहुतेक मिशनरी पुन्हां निघून गेले. नॉट जवळच्या बेटांवर टिकून राहिला. राजा दुसरा पोमारे लिहावयास-वाचावयास शिकला, आणि भाषांतराच्या कामांत त्यानें नॉटला साहाय्य केलें. १८१७ मध्यें शेजारच्या मोओरेआ बेटावर छापखाना आला, तेव्हां पहिलें पान राजानें स्वतःच्या हातानें छापलें. पुढील वर्षीं लूकच्या शुभवर्तमानाच्या ३,००० प्रती निघाल्या. लोक दूरदूरच्या बेटांवरून होड्यांनीं आले. पुस्तकाचें मोल म्हणून बांबूच्या नळ्यांत भरलेलें खोबरेल तेल त्यांनीं आणलें होतें. राजाचा बाप्तिस्मा १८१९ सालचा.

संपूर्ण पवित्र शास्त्र १८३८ मध्यें लंडन येथें छापून झालें. तें घेऊन नॉट ताहितीस परतला, व १८४४ मध्यें तेथेंच वारला.