निम्मे गुण बोर्डाचे, निम्मे प्रवेश परीक्षेचे

बारावीची परीक्षा आटोपली की विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, प्रवेशाला बोर्डाचे गुण धरतात की नाही?" गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व भागात, धानोरा तालुक्यातील एखाद्या गावातून हा प्रश्न येतो तेव्हा त्याला वेगळे वजन असते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ओळखीच्या केंद्रावर, कागद-पेन घेऊन होते. अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा मात्र एप्रिल-मेच्या सुमारास, संगणकावर, तालुक्याबाहेरच्या केंद्रात द्यावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत जंगलात तेंदूपत्ता तोडणीला येतो. पहाटे सगळे घर पाने तोडायला निघते, दुपारी ओसरीवर बसून पुडे बांधते, आणि वर्षाच्या रोख कमाईचा मोठा हिस्सा त्या थोड्या दिवसांत हाती येतो. अशा घरातील मुलीने बोर्डात उत्तम गुण मिळवले असतील, तर यादी करताना ते किती मोजले जातात हे तिला कळायलाच हवे.

या प्रश्नाचे उत्तर वर्षागणिक बदलत आले आहे. देशातील एनआयटी संस्थांच्या प्रवेशासाठी २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणांना ६० टक्के व बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. २०१७ पासून तो काढून टाकला. महाराष्ट्रात २०१४ व २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीची यादी जेईई मेनचे निम्मे व बारावीचे निम्मे गुण धरून लागली. २०१६ पासून पुन्हा राज्याची एमएचटी-सीईटी आली आणि बारावीचा यादीतला भार गेला. शेजारच्या कर्नाटकात मात्र आजही दोन्ही गुण निम्मे-निम्मे धरतात. नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावेत. आपण इथे त्या बेरजेच्या आत काय घडते ते पाहू. कारण "निम्मे-निम्मे" हा शब्द दिसतो तितका सरळ नाही.

आधी घरातलेच एक उदाहरण घेऊ. समजा, पाच शेतकऱ्यांनी प्रत्येकी एक धानाचे पोते आणले आहे. पोते मापून भरलेले, ४० किलोचे. फार तर पाव किलो इकडे-तिकडे. प्रत्येकाने पोत्यावर मोहफुलांची एक टोपली ठेवली आहे. कोणाच्या टोपलीत ५ किलो, कोणाच्या १२, कोणाच्या २०. आता एकूण वजनाप्रमाणे पाच जणांचा क्रम लावा. वजनाचा मोठा भाग धानाचा आहे, पण क्रम कोण ठरवतो? मोहफुले! धान सर्वांचे जवळजवळ सारखे असल्याने त्याने कोणी पुढे जात नाही की मागे पडत नाही. क्रम ठरतो तो फरकाने, आकाराने नव्हे.

हेच गुणांना लावून पाहा. आपल्या सोयीसाठी पाच काल्पनिक विद्यार्थी घेऊ. बोर्डाचे गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण, दोन्ही शंभरपैकी :

अ : बोर्ड ९२, प्रवेश परीक्षा ३०
ब : बोर्ड ८८, प्रवेश परीक्षा ४४
क : बोर्ड ८५, प्रवेश परीक्षा ३८
ड : बोर्ड ८२, प्रवेश परीक्षा ६२
इ : बोर्ड ७८, प्रवेश परीक्षा ७१

दोन्ही गुणांची सरासरी काढली, म्हणजेच निम्मे-निम्मे भार दिला, तर अ ला ६१, ब ला ६६, क ला ६१.५, ड ला ७२ आणि इ ला ७४.५ मिळतात. क्रम झाला इ, ड, ब, क, अ. आता केवळ प्रवेश परीक्षेचा क्रम लावा : इ, ड, ब, क, अ. तोच! बोर्डाचा क्रम याच्या जवळजवळ उलटा होता, आणि त्याला कागदावर पुरता निम्मा भार दिला होता. तरी अंतिम यादीत त्याचा मागमूसही उरला नाही. बोर्डात पहिली आलेली अ शेवटची, आणि शेवटचा आलेला इ पहिला.

असे का झाले ते मोजता येते. बोर्डाच्या गुणांची सरासरी ८५ आहे. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक ७, ३, ०, –३, –७. या फरकांच्या वर्गांची सरासरी २३.२ येते. तिचे वर्गमूळ सुमारे ४.८. यालाच सांख्यिकीत प्रमाण विचलन म्हणतात. गुण किती विखुरलेले आहेत याचे ते माप आहे. प्रवेश परीक्षेची सरासरी ४९, फरक –१९, –५, –११, १३, २२, वर्गांची सरासरी २३२ आणि प्रमाण विचलन सुमारे १५.२. म्हणजे प्रवेश परीक्षेचे गुण बोर्डाच्या गुणांपेक्षा तिपटीहून अधिक पसरलेले आहेत. नियमात भार ५० : ५० असला, तरी क्रम लावण्यात त्यांची ओढ साधारण ७६ : २४ अशी पडली. (दोन परीक्षांतील गुणांचा एकमेकांशी असलेला संबंधही या हिशेबात शिरतो, पण मूळ गोष्ट हीच.)

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. दोन मापकांपैकी एकाचा काटा ताठ स्प्रिंगमुळे जेमतेम हलतो आणि दुसऱ्याचा सरसर फिरतो. दोन्हींची वाचने तशीच बेरजेला घातली, तर निकाल दुसराच मापक देणार. बोर्डाचे गुण वरच्या टोकाला दाटीने बसतात. त्यात आपल्या प्रात्यक्षिकांचाही वाटा आहे. भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. वर्गातील बहुतेकांना २७ ते ३० च्या दरम्यान गुण मिळत असतील, तर त्या ३० गुणांनी टक्केवारी फुगते, पण दोन विद्यार्थ्यांत फरक फार तर तीन गुणांचा पडतो. शिक्षक सढळ हाताने देतात ते विद्यार्थ्याच्या भल्यासाठीच. क्रमाच्या दृष्टीने मात्र ते सर्वांच्या पोत्यात सारखे धान घालण्यासारखे आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय : प्रत्येक फरकाला त्या परीक्षेच्या प्रमाण विचलनाने भागायचे. अ चा बोर्डातील फरक ७, भागिले ४.८२, म्हणजे १.४५, प्रवेश परीक्षेत –१९ भागिले १५.२३, म्हणजे –१.२५. बेरीज ०.२०. असेच इतरांचे काढले तर ब ०.२९, क –०.७२, ड ०.२३, इ –०.०१. नवा क्रम ब, ड, अ, इ, क. दोन्हीकडे बऱ्यापैकी असलेला ब वर आला, पहिला असलेला इ चौथा झाला, शेवटची असलेली अ तिसरी झाली. उत्तरपत्रिका त्याच, गुण तेच, भारही तोच निम्मा-निम्मा!

दुसरा उपाय : गुण बाजूला ठेवून फक्त स्थान पाहायचे. इथे शततमक येते, ज्याला आता सर्रास पर्सेंटाइल म्हणतात. याचा टक्क्यांशी घोटाळा करू नका. एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १९,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी असले, तर तुमचे पर्सेंटाइल ९५; मग तुम्हाला प्रत्यक्षात गुण शंभरपैकी ६० का असेनात. एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते, म्हणून तिथे पर्सेंटाइल काढतात व ते दशांशचिन्हानंतर सात अंकांपर्यंत देतात.

आपल्या पाच जणांत स्थानांची बेरीज करू. अ बोर्डात १ ली, प्रवेशात ५ वी : एकूण ६. ब चे २ आणि ३ : ५. क चे ३ आणि ४ : ७. ड चे ४ आणि २ : ६. इ चे ५ आणि १ : ६. ब पहिला, क शेवटचा, आणि मध्ये तिघेजण एकाच पायरीवर! स्थान घेतले की अंतर हरवते. ७१ आणि ६२ मधील नऊ गुणांची दरी आणि ४४ व ३८ मधील सहा गुणांची, दोन्ही एकेका पायरीएवढ्याच झाल्या. पर्सेंटाइलमध्ये आणखी एक गंमत आहे. गर्दी मध्यावर असते. समजा, त्या २०,००० च्या सत्रात मध्यावरील एका गुणावर ५०० जण उभे आहेत. तो एक गुण अधिक मिळाला की पर्सेंटाइल अडीचने उडी घेते. वरच्या टोकाला एका गुणावर दहाच जण असतील, तर तोच एक गुण पर्सेंटाइल ०.०५ ने हलवतो. एक गुण मिळवायचे श्रम वरच्या टोकाला कमी असतात असे कोण म्हणेल?

२०१३ ते २०१६ च्या जेईई मेनमध्ये या दोन्ही अडचणींतून वाट काढण्याचा प्रयत्न होता, आणि पद्धत म्हणून मला ती चतुर वाटते. विद्यार्थ्याचे त्याच्या स्वतःच्या मंडळातील पर्सेंटाइल काढायचे, आणि त्या पर्सेंटाइलला जेईई मेनमध्ये किती गुण पडले ते पाहायचे. हे एकदा अखिल भारतीय यादीवरून आणि एकदा त्याच मंडळाच्या मुलांच्या यादीवरून काढून दोन्हींची सरासरी घ्यायची. तेच त्याचे बोर्डाचे "रूपांतरित गुण". म्हणजे बोर्डातला क्रम तसाच ठेवायचा, पण मुलांना उभे करायचे ते जेईईच्या शिडीवर. त्यामुळे दोन्ही बाजूंचा विखुरलेपणा सारखा होतो. सोपे करून आपल्या पाच जणांना हे लावू. बोर्डात पहिल्या आलेल्या अ ला प्रवेशाचे सर्वोच्च ७१, ब ला ६२, क ला ४४, ड ला ३८, इ ला ३०. आता ६० : ४० भार देऊन अ ला ४६.४, ब ला ५१.२, क ला ४०.४, ड ला ५२.४, इ ला ५४.६. वरचे तिघे प्रवेश परीक्षेच्याच क्रमाने राहिले, पण अ ने क ला मागे टाकले. चाळीस टक्के म्हणजे खरोखरीचे चाळीस टक्के झाले, असे इथे म्हणता येते.

पण किंमत मोजावी लागली. या पद्धतीला देशभरच्या सगळ्या मंडळांचे निकाल वेळेवर हवेत. शिवाय स्वतःचे रूपांतरित गुण विद्यार्थ्याला घरी बसून काढता येत नाहीत, कारण ते इतरांच्या गुणांवर अवलंबून असतात. ज्या हिशेबाचा ताळा स्वतःला करता येत नाही त्यावर मुलांचा विश्वास बसणे कठीण, आणि तो दोष लहान नाही.

सूत्र बदलले की काय होते याचा धडा केरळने २०२५ मध्ये दिला. तिथे बारावीचे व प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरतात. त्या वर्षी निकालाच्या अगदी तोंडावर बारावीचे गुण समपातळीवर आणण्याचे सूत्र बदलले आणि गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांना समान भाराऐवजी ५ : ३ : २ असा भार दिला. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती यादी रद्द ठरवली. जुन्या सूत्राने पुन्हा यादी लागली, तेव्हा आधीच्या यादीत पहिला असलेला विद्यार्थी सातव्या क्रमांकावर गेला. एकाही उत्तरपत्रिकेतला एकही गुण बदललेला नव्हता.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीसाठी बारावीचे गुण भार म्हणून येत नाहीत, ते उंबरठा म्हणून येतात : भौतिकशास्त्र, गणित आदी ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटांना ४० टक्के. उंबरठा ओलांडला की ४६ आणि ९६ सारखेच. यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर आधी गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे पाहतात, आणि तरीही गाठ सुटली नाही तर बारावीच्या गुणांकडे वळतात. या नियमाने दोन वर्षांचा अभ्यास तीन तासांवर तोलला जातो हा आक्षेप खरा आहे. वेगवेगळ्या मंडळांची तुलना करण्याची डोकेदुखी वाचते, हेही खरे.

बोर्डाचे गुण धरले की खेड्यातील मुलांचे आपोआप भले होते, ही समजूत मात्र वरच्या आकड्यांपुढे टिकत नाही. कच्चे गुण निम्मे-निम्मे धरणे म्हणजे आपल्या उदाहरणातील अ ला आश्वासन देऊन हाती काही न देणे. अशा बेरजेपेक्षा मला निव्वळ प्रवेश परीक्षेची यादी परवडली. निदान तीत कशाला किती किंमत आहे ते आधी कळते आणि त्याप्रमाणे तयारी करता येते. एमएचटी-सीईटीत गणिताला १०० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राला प्रत्येकी ५० गुण असतात. अभ्यासक्रमाचा सुमारे ८० टक्के भाग बारावीचा व २० टक्के अकरावीचा, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे प्रश्न कोरा सोडू नये. अकरावीचे पुस्तक रद्दीत घालू नये, तेंदूपत्ता सुरू होण्याआधी त्याची एक उजळणी व्हावी.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गातील सराव परीक्षेचे लेखी व प्रात्यक्षिकाचे गुण फळ्यावर मांडून दोन्हींचे प्रमाण विचलन मुलांकडूनच काढून घ्या. तीस आकड्यांचे गणित एका तासात होते, आणि सांख्यिकीचे प्रकरण पुस्तकाबाहेर येते.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न : वरच्या पाच जणांत कच्चेच गुण वापरायचे ठरवले, तर अ ला इ च्या पुढे नेण्यासाठी बोर्डाच्या गुणांना कमीत कमी किती भार द्यावा लागेल? बोर्डाचा भार भ आणि प्रवेश परीक्षेचा १ – भ धरा. अ आणि इ चे एकूण गुण समान मांडले की १४ भ = ४१ (१ – भ) हे समीकरण मिळेल, आणि त्यावरून भ = ४१/५५, म्हणजे सुमारे ७४.५ टक्के. आता हेच अ आणि ड साठी स्वतः करून पाहा.