आवडणार नाही, हे ठाऊक असूनही

‘तो सिनेमा मला नाही आवडणार,’ असं म्हणत म्हणत लोक त्याच सिनेमाचं तिकीट काढतात. मीही काढतो. असं का होतं आणि त्यातून काय हाती लागतं, याबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. आपण पुष्कळदा सिनेमासाठी नाही, सोबतीसाठी जातो.
विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ १९९१ साली आला. रडारडीचे सिनेमे मला सोसत नाहीत, पण आईला जायचं होतं, म्हणून गेलो. अलका कुबलचे हाल पाहून आजूबाजूच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. घरात कधी डोळ्यांत पाणी न आणणारी आई त्यांच्यात बसून मनमोकळं रडली. तो सिनेमा मला आजही आवडत नाही. आई मात्र त्या दुपारी अधिक कळली.

२. जे आपलं वाटतं, त्याची राखण करायला जातो.
दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ सालचं. त्यातले वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब माझ्या काकांच्या कानांत कायमचे बसलेले. सुबोध भावेंनी २०१५मध्ये त्यावर सिनेमा केला, तेव्हा ‘कशाला हात लावायचा?’ असं म्हणत काका पहिल्याच आठवड्यात थिएटरात हजर! पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर आणि गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडे यांचा. थोड्याच वेळात काकांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली. बाहेर येऊन म्हणाले, “नाटक ते नाटकच. पण पोरांनी गाणं जपलंय.” त्यांच्या रागाच्या मुळाशी प्रेमच होतं.

३. कंटाळ्याची भीती एकदा तपासून पाहावी.
चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘पुरस्कार म्हणजे संथ’ असं आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं. सिनेमा संथ आहेच. पण गटारात मेलेल्या कामगाराची बायको कोर्टात सांगते, की तो आधी खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर आली तरच खाली उतरायचा. हे ती अगदी साध्या आवाजात सांगते. सिनेमा घाईत असता, तर ते इतकं खोल लागलं नसतं.

४. नावं ठेवायची तर आधी बघावं.
ऐकीव मतावर वाद घालता येतो, पण कुठला प्रसंग फसला आणि का, हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

५. नुसती टिंगल करायला जाऊ नये.
मागच्या रांगेतल्या शेऱ्यांनी पुढच्या माणसाचा रसभंग होतो. त्यानेही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात.

तेव्हा नावडेल असं वाटणारा एखादा सिनेमा अधूनमधून जरूर बघा. मोबाइल खिशात ठेवून, शेवटपर्यंत बघा. आणि तरीही नाहीच आवडला, तर तसं स्पष्ट सांगा, कारणासकट.