शुक्रवारचे दहापैकी दहा

शुक्रवारच्या श्रुतलेखनात दहापैकी दहा मिळाले म्हणून मुलाला ते शब्द आले असे समजू नका. सुरतेतल्या मराठी पालकांना मला सर्वांत आधी हीच सावधगिरी सुचवायची आहे. गुरुवारी रात्री घोकलेले शब्द शुक्रवारी सकाळी बिनचूक उतरतात. तेच शब्द पंधरा दिवसांनी निबंधात येतात, तेव्हा दुसऱ्या वेलांटीची पहिली झालेली असते. मग मूल निष्काळजी ठरते आणि शिक्षा म्हणून प्रत्येक शब्द वीस वेळा लिहायला बसते. माझ्या मते इथे चूक उपायाची आहे. शब्द डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा पुन्हा उतरवल्याने हात चालतो, पण आठवण्याचा सराव मुळीच होत नाही. आणि परीक्षेत किंवा पत्रात तर आठवावेच लागते.

सुरतेत ही अडचण दुहेरी होते. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. 2023च्या कायद्याने गुजरातमधल्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. जोडीला हिंदी आणि इंग्रजी येतातच. म्हणजे एकच मूल ‘कवि’, ‘पशु’, ‘गुरु’ हे शब्द गुजराती आणि हिंदीत ऱ्हस्व पाहते आणि मराठीत ‘कवी’, ‘पशू’, ‘गुरू’ असे दीर्घ लिहिते. ‘दूध’ तिन्हीकडे दीर्घ आहे, पण गुजरातीत ‘दूधमां’ म्हणताना उकार दीर्घच राहतो, तर मराठीत ‘दुधात’ होताच तो ऱ्हस्व होतो. अशा मुलाने मराठीच्या वहीत ‘दूधात’ लिहिले, तर त्यामागे आळस नसतो. गुजरातीत बरोबर ठरणारा तर्क त्याने मराठीला लावलेला असतो. हे ओळखले की रागवायचे कारण उरत नाही आणि नेमके काय शिकवायचे तेही कळते.

आठवण्याच्या सरावाबद्दल मी अंदाजाने बोलत नाही. 2006 मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले; आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे होते. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते आणि त्यांच्यापुढे उतारे होते, शब्द नव्हते, ही शंका रास्त आहे. तरी त्यातला धडा आपल्या कामाचा आहे: लगेच घेतलेली परीक्षा घोकंपट्टीला झुकते माप देते. शुक्रवारची चाचणी अगदी तशीच असते.

म्हणून घरी एवढेच करावे. मुलाने शब्द मोठ्याने वाचावा, अक्षरे सुटी करून म्हणावीत, मग शब्द झाकून वहीत लिहावा आणि झाकण काढून स्वतःच पडताळावा. चुकला तर पूर्ण शब्द पुन्हा झाकून लिहावा. रोज दहा मिनिटे पुरतात. गुरुवारचा एक तास त्याची जागा घेऊ शकत नाही. दर आठवड्याच्या यादीत मागच्या आठवड्यांतले तीन-चार शब्द मिसळावेत, कारण विसरायला लागलेला शब्द आठवण्यातच खरी मेहनत होते. शब्दही सुटे निवडू नयेत. ‘फूल-फुलाला’, ‘मूल-मुलाला’, ‘विहीर-विहिरीत’ असे एका नियमाचे शब्द एकत्र आले, की आठ शब्दांच्या मागे एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत चार जोडले गेले. प्राथमिक शाळेतल्या मुलाला ते अठराही नियम पाठ करायला लावू नयेत. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार मराठीत दीर्घ, आणि प्रत्यय लागला की ‘फूल’चे ‘फुला’, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या तरी बऱ्याच चुका गळतात. इंग्रजीतही ‘लाइट’, ‘नाइट’, ‘राइट’ एकत्र द्यावेत; त्यांचा ‘आय-जी-एच-टी’ हा शेवट एकदाच शिकावा लागतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या, घरी साड्यांना लेस लावायचे काम, त्यात मुलाजवळ बसणार कोण? पण या रीतीत बरोबर काय ते सांगायला मोठ्या माणसाची गरज नाही, ते काम वहीच करते. आईला वाचता येत नसले तरी ‘झाकलेस का, पडताळलेस का’ एवढे ती विचारू शकते. दुसरा आक्षेप फोनचा: चुका तोच दुरुस्त करतो. फोनला ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द बरोबर वाटतात. त्यातला कोणता हवा हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अहिराणी बोलणाऱ्या घरात ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. शुद्धलेखनाचा आग्रह धरला तर मुलाला घरच्या बोलीची लाज वाटेल, अशी भीती असते. ती भीती खरी आहे. म्हणून ‘डोया’ चूक आहे असे मुलाला कधीही सांगू नये. घरात आजी म्हणते तो शब्द आपला आहे आणि पुस्तकात ‘डोळा’ लिहितात, अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत. ज्या मुलाला एका शब्दाची दोन रूपे कळतात, त्याला गुजरातीतले तिसरे रूपही सोपे जाते.

मूल मनाने गोष्ट लिहीत असेल, तेव्हा त्यावर लाल पेन फिरवू नये. चुकेल या धाकाने ते सोपेच शब्द निवडू लागते आणि भाषा तिथेच खुरटते. त्या गोष्टीतले चुकलेले दोन शब्द हळूच पुढच्या आठवड्याच्या यादीत घालावेत. महिनाभराने त्याने आपणहून लिहिलेले एक पान काढून पाहावे. यादीतले शब्द तिथे बरोबर उतरले असतील, तर ते आले म्हणायचे, मग शुक्रवारी दहापैकी सातच मिळाले असले तरी चालेल.