उचल आणि मालकी

२००७ साली पुण्याच्याच ‘अग्नी’ या बँडचा पहिला अल्बम सोनी बीएमजीने काढला आणि कोको धवळे यांची गिटार घरोघरी ऐकू येऊ लागली, तेव्हापासून आम्हां हडपसरच्या पोरांना कंपनीचा करारनामा म्हणजे साक्षात मोक्ष वाटू लागला. पुढे विशीच्या उंबरठ्यावर एका निराळ्या कंपनीशी माझाही करार झाला, आणि सहीच्या दिवशी मिळणारी रक्कम मोबदला नसून उचल असते, हे तिच्या वार्षिक खातेउताऱ्यांनी मला सावकाश शिकवले. स्टुडिओचे भाडे, चित्रफितीचा खर्च, इतकेच काय, जाहिरातीच्या छायाचित्रांची बिलेही वादकाच्या हिश्श्यातून वसूल होतात, आणि ही वसुली फिटेपर्यंत गाणे कितीही वाजले तरी त्याच्या नावे बाकीच निघते. मजकुरात हे सारे स्वच्छ लिहिलेले असते. तेथे तक्रारीला जागा नाही.

पैशाहून गहन प्रश्न मालकीचा. चाल रचणाऱ्याचा, ती वाजवणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा, असे तीन हक्क एका गाण्यात नांदतात. मसुदा मात्र एका वाक्यात तिन्ही घेऊन जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही; परंतु तो वाटा आपण होऊन दारी येत नसल्याने रॉयल्टी गोळा करणाऱ्या, १९६९ पासूनच्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद होऊन प्रत्येक रचना नोंदवावी. हक्कांच्या हस्तांतराची मुदत लिहिलेली नसल्यास कायदा ती पाच वर्षे मानतो आणि मुलूख भारतापुरता. म्हणूनच कंपनीचे वकील या दोन जागा सहसा रिकाम्या सोडीत नाहीत.

मालकी हातची न सोडण्याचा धडा आमच्या हडपसरातच आहे: मगरपट्ट्याच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरच्या स्वाधीन न करता स्वतःचीच कंपनी काढून तीत भाग घेतले. त्याच परिसरात, लक्ष्मी लॉन्सवर, एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाच्या मंचाकडे डोळे लावून उभी राहिलेली पोरे आपली चाल मात्र एकरकमी विकून मोकळी होतात, याचे मला राहून राहून नवल वाटते.

करार संपल्यावरही पुढील कामावर पहिला अधिकार कंपनीचाच, असे कलम आढळल्यास दबून जाऊ नये. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तसल्याच कलमाला प्रथमदर्शनी व्यवसायावरील निर्बंध ठरवून थारा दिला नाही. मात्र कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा मसुदा घरी आणून जाणत्या वकिलास दाखवावा आणि हिशेबतपासणीचा हक्क आधीच लिहून घ्यावा. वकिलाची फी उचलीतून द्यावी. त्या रकमेतला तेवढा एक खर्च तरी आपल्या बाजूचा असतो.