मोटार वेग का धरीना?

महाडहून पोलादपूरकडे जाताना मोकळ्या, सपाट रस्त्यावर एक बटण दाबले की काही मोटारी आपला वेग आपणच सांभाळतात. चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी चालते. या सोयीला क्रूझ कंट्रोल म्हणतात. तिचे जनक रॅल्फ टीटर हे अमेरिकन अभियंते लहानपणापासून अंध होते! १९५० साली त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये ही सोय मोटारीत आली.

माझ्या मित्राच्या जुन्या परदेशी मोटारीत ही सोय एकाएकी बंद पडली. "नियंत्रक गेला, बदलावा लागेल," असे दुरुस्तीवाल्याने सांगितले. किंमत ऐकून आम्ही ठरवले, आधी जरा विचार करू.

तुम्हीही करा. प्रत्यक्ष वेग ठरवलेल्या वेगापेक्षा कमी भरला, तर नियंत्रक इंजिनाची झडप थोडी अधिक उघडतो. जास्त भरला, तर मिटतो. परिणाम मोजून त्यानुसार कृती सुधारण्याच्या या रीतीला प्रत्याभरण म्हणतात. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावरचे फिरते गोळे हेच काम करीत. मात्र ब्रेक दाबताच नियंत्रकाने तत्काळ माघार घ्यायची असते. म्हणजे त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: वेग किती, आणि पाय ब्रेकवर आहे का.

वेगमापकाचा काटा ठीक चालत होता, म्हणून पहिला संशय ब्रेकवर. संध्याकाळी मोटार भिंतीकडे पाठ करून उभी केली आणि ब्रेक दाबला. भिंतीवर लाल उजेड पडलाच नाही! ब्रेकचे सगळे दिवे गेले होते. मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही थांबत आहोत हे इतके दिवस कळतच नव्हते.

पण दिव्यांचा वेगाशी काय संबंध? बारा व्होल्टवर जळणाऱ्या २१ वॉटच्या दिव्याच्या तारेचा रोध सुमारे ७ ओहम असतो (१४४ ला २१ ने भागा). थंड तारेचा रोध मात्र एक ओहमहूनही कमी! अशा काही जुन्या मोटारींत नियंत्रकाची एक तार ब्रेकच्या दिव्यांना जोडलेली असते. पाय ब्रेकवर नसला की ती थंड दिव्यातून मोटारीच्या सांगाड्याला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, जवळजवळ थेट जोडली जाते. ब्रेक दाबला की तिच्यावर बारा व्होल्ट येतात. दिवे जळाले की यांपैकी पहिली खूण मिळत नाही, आणि शंका आली की नियंत्रक काम नाकारतो. शहाणी रचना आहे ही.

एकच दिवा गेला असता तर? दिवे समांतर जोडणीत असतात. उरलेल्यांनी काम भागवले असते.

नवे दिवे बसवले आणि मोटारीने पोलादपूरपर्यंत वेग धरला. पुढे एका लांब उतारावर तो पुन्हा वाढू लागला. पण हा बिघाड नव्हे. वीसास एक उतारावर १२०० किलोग्रॅमच्या मोटारीला सुमारे ५९० न्यूटन बल पुढे ओढते. झडप पूर्ण मिटली तरी इंजिनाचा विरोध तिथे अपुरा पडू शकतो, आणि या जुन्या नियंत्रकाच्या हाती ब्रेक नाहीत. मित्राने बटण बंद केले आणि गिअर खाली घेतला.