किरणोपचार आणि बदलते शरीर

डोके व मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार करणे म्हणजे अत्यंत अरुंद जागेत अत्यंत नाजूक काम करणे होय. जीभ, घसा, स्वरयंत्र, लालाग्रंथी आणि मेरुरज्जू ही येथे एकमेकांना अगदी लागून असतात. रोगग्रस्त भागाला पुरेसे किरण मिळावेत आणि शेजारच्या निरोगी भागाला शक्य तितके कमी मिळावेत, हा या उपचारातील मुख्य प्रश्न आहे.

त्यासाठी आधी एक योजना आखण्यात येते. उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा जाळीदार मुखवटा रोग्याच्या चेहऱ्यावर व मानेवर बेतून घेतात आणि तो चढवून सी.टी. यंत्राने चित्रे काढतात. त्या चित्रांवर अर्बुदाची व जपावयाच्या अवयवांची सीमा रेखाटली जाते आणि संगणकाच्या साह्याने किरणांची दिशा व मात्रा ठरते. नेहमीच्या एका पद्धतीत ७० ग्रे मात्रा ३५ भागांत, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सात आठवड्यांत दिली जाते. एक किलोग्रॅम ऊतकाने एक जूल ऊर्जा शोषली म्हणजे ती मात्रा एक ग्रे झाली असे समजतात.

याचा अर्थ असा की, योजना पहिल्या दिवसाच्या शरीरावर बेतलेली असते आणि लागू करावयाची असते ती सात आठवडे बदलत जाणाऱ्या शरीरावर. शिंप्याने एकदाच माप घ्यावे आणि अंगरखा घालणारा आठवड्यागणिक रोडावत जावा, तसाच हा प्रकार आहे. भेद एवढाच की, सैल अंगरख्याने कोणास इजा होत नाही.

बदल कोणते?

किरणांमुळे तोंडाचा व घशाचा आतील पडदा सोलवटतो, गिळताना वेदना होतात, चव नाहीशी होते. साहजिकच आहार घटतो, वजन उतरते आणि मान बारीक होते. मुखवटा सैल पडला की त्याच्या आत डोके किंचित वळू शकते. दुसरीकडे अर्बुद व मानेतील सुजलेल्या लसिकाग्रंथी लहान होतात. उपचार फलद्रूप होत असल्याचे हे चिन्ह असले, तरी त्यामुळे शेजारच्या अवयवांची जागा बदलते.

अमेरिकेत ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात १४ रोग्यांची उपचारकाळात वारंवार सी.टी. चित्रे घेण्यात आली. त्यांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मध्यम प्रमाण पाहता अर्बुद दर उपचारदिनी मूळ आकारमानाच्या १.८ टक्के घटत होते. कानापुढील मोठ्या लालाग्रंथीही, म्हणजे अनुकर्ण ग्रंथी, आक्रसल्या आणि सुमारे ३ मिलिमीटर आत, मध्यरेषेकडे सरकल्या. वजनातील घट व हे सरकणे यांचा संबंधही आढळला.

तीन मिलिमीटर हे अंतर क्षुल्लक वाटेल. परंतु आधुनिक योजनेत मात्रा काही मिलिमीटरांतच झपाट्याने उतरते. आत सरकलेली ग्रंथी त्या उताराच्या वरच्या बाजूस, अधिक मात्रेच्या प्रदेशात जाते. ग्रंथीला मिळणारी सरासरी मात्रा २५ ग्रेच्या आसपास वा त्याखाली ठेवण्याचा प्रयत्न असतो, कारण ती फार वाढली तर लाळ कायमची आटण्याचा धोका असतो. मेरुरज्जूबाबतही सावधगिरी हवी. त्याला कोठेही ४५ ते ५० ग्रेपेक्षा अधिक मात्रा मिळू नये असे पाहतात. मानेवरील मांस एक सेंटिमीटरने कमी झाले, तर नेहमीच्या उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचे तेवढ्या जाडीत होणारे सुमारे तीन टक्के शोषण टळते आणि आतील मात्रा त्या मानाने वाढते. प्रोटॉन किरणांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांची धाव ठराविक खोलीशी संपते. वाटेतील ऊतक घटले की ती अधिक आत जाऊन संपते.

दुरुस्ती कशी करावी?

दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात उपचारापूर्वी यंत्रावरच चित्र घेऊन हाडांच्या खुणा जुळवितात आणि उपचारमंच थोडा सरकवितात. याने जागेची चूक सुधारते, पण आकाराची सुधारत नाही. आकार बदलला असल्यास दुसरा मार्ग घ्यावा लागतो. नवा मुखवटा, नवी सी.टी. चित्रे, नव्या सीमारेषा आणि नवी योजना, असा तो मार्ग आहे.

येथे एक मोह टाळावा लागतो. अर्बुद लहान झालेले दिसले म्हणून किरणांचे क्षेत्रही तेवढेच लहान करणे धोक्याचे असते. जेथून अर्बुद मागे हटले, तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्कपेशी उरलेल्या असू शकतात. म्हणून मूळ रोगग्रस्त प्रदेश सहसा कायम ठेवून, जेथे त्याची रेषा आता हवेत किंवा त्वचेबाहेर गेली असेल तेवढीच ती सुधारतात.

मग प्रत्येक रोग्यासाठी दर आठवड्यास नवी योजना का आखू नये? या प्रश्नाची परीक्षा फ्रान्समधील आर्टिक्स नावाच्या चाचणीत झाली. मुखघशाचा कर्करोग असलेल्या १३२ रोग्यांपैकी काहींना एकच योजना आणि काहींना दर आठवड्यास नवी योजना देण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर लाळेच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून सरसकट पुनर्योजनेचा आग्रह योग्य नाही असे दिसते. पण ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणेही चूक होय. मानेतील गाठी मोठ्या असणे, वजन झपाट्याने उतरणे, मुखवटा ढिला होणे ही लक्षणे दिसली, तर पुन्हा माप घेण्याचा विचार अवश्य करावा.

नवी योजना तयार होईपर्यंत उपचार विनाकारण थांबविणे हितावह नसते, कारण खंडाच्या काळात उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. रोग्यानेही आपला वाटा उचलावयाचा असतो. मुखवटा सैल वाटल्यास त्याने तत्काळ सांगावे, दर आठवड्यास वजन करून घ्यावे आणि गिळणे कठीण झाले असता आहाराविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा. पुन्हा चित्रे काढावयाची आहेत असे कळल्यावर रोग बळावला, अशी समजूत करून घेऊ नये. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की, शरीर बदलले आहे आणि त्यावरील उपचारही त्याबरोबर बदलत आहे.