हक्कभागांची सवलत : लाभ कोणाचा?

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात 'राइट्स इश्यू' म्हणजे हक्कभाग हा विषय पाच गुणांच्या टिपेपुरता येतो. व्याख्या लिहावी, दोन फायदे लिहावेत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे, अशी आपली रीत. परंतु ज्याच्या घरी थोडेसे का होईना भाग आहेत, त्याच्या दृष्टीने हा पाच गुणांचा नव्हे, तर गाठीच्या पैशांचा प्रश्न असतो. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करण्याचे योजिले आहे. उदाहरणासाठी रुग्णालये व त्यांच्या इमारती यांचा व्यवहार घेतला आहे. कारण रुग्णालय म्हटले की आपल्याला डॉक्टर आठवतात, इमारतीचा मालक आठवत नाही.

प्रथम शब्दाविषयी. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि घरी आईकडून कन्नड कानावर पडले. मराठीत 'हक्क' आणि कन्नडमध्ये 'हक्कु'. दोन्ही भाषांनी हा शब्द अरबीतून घेतला आहे. कंपनीला नवे भाग काढावयाचे असतील, तर ते आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात देऊ करावेत, हे या हक्काचे सार आहे. आपल्याकडे १९५६ च्या कंपनी कायद्यात ही तरतूद कलम ८१ मध्ये होती. २०१३ च्या कायद्यात ती कलम ६२ मध्ये आहे. गोव्यातील गावकरी संस्थेची ज्याला माहिती आहे, त्याला ही कल्पना परकी वाटू नये. गावच्या उत्पन्नातील जोण ज्याची, त्याला डावलून नवा वाटेकरी आणणे गावकाराला जसे रुचणार नाही, तसेच हे आहे.

आता 'सवलत' या शब्दाकडे वळू. येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. कलम ५३ प्रमाणे कंपनीला दर्शनी किमतीपेक्षा कमी किमतीत भाग काढण्यास मनाई आहे. अपवाद थोडे आहेत. मग कंपन्या सवलतीत भाग देतात ते कसे? उत्तर असे की, ही सवलत दर्शनी किमतीवर नसून बाजारभावावर असते. दहा रुपये दर्शनी किमतीचा भाग बाजारात १३१ रुपयांना विकला जात असेल आणि कंपनीने तो ११० ला देऊ केला, तर कायद्याच्या भाषेत तो अधिमूल्यावर आहे आणि बाजाराच्या भाषेत सवलतीत.

हे आकडे सहज घेतलेले नाहीत. २००९ साली फोर्टिस हेल्थकेअर या कंपनीने वोक्हार्टची दहा रुग्णालये ९०९ कोटी रुपयांना विकत घेण्याचे ठरविले. त्यांत मुंबईतील मुलुंडचे आणि बंगळूरच्या बन्नेरघट्टा रस्त्यावरील रुग्णालय होते. त्याच वर्षी कंपनीने दर पाच भागांमागे दोन या प्रमाणात, प्रत्येकी ११० रुपयांना हक्कभाग काढून सुमारे ९९७ कोटी रुपये उभे केले. प्रमाण आणि किंमत खरी आहे. बाजारभाव मात्र गणित सोपे व्हावे म्हणून १३१ रुपये होता असे समजू.

एका भागधारकाकडे पाच भाग आहेत. त्यांची किंमत ६५५ रुपये. त्याने २२० रुपये भरून दोन नवे भाग घेतले. आता सात भाग आणि एकूण ८७५ रुपये. म्हणजे भाग पडला १२५ रुपयांना. नवे भाग येताच बाजारभाव तात्त्विकदृष्ट्या याच पातळीवर यावयास हवा. म्हणजे जुन्या प्रत्येक भागावर सहा रुपये गेले आणि नव्या प्रत्येक भागावर पंधरा रुपये मिळाले. पाच गुणिले सहा तीस, दोन गुणिले पंधरा तीस. हाती नवे काहीच आले नाही. एका खिशातील पैसे दुसऱ्या खिशात गेले.

दुसऱ्या भागधारकाकडे २२० रुपये नाहीत. त्याने आपला हक्क बाजारात तीस रुपयांना विकला. त्याचे पाच भाग १२५ च्या भावाने ६२५ चे झाले आणि वर तीस मिळाले. बेरीज पुन्हा ६५५. कंपनीतील त्याचा हिस्सा घटला, पण पैशाचा तोटा झाला नाही.

तिसऱ्याने पत्र कपाटावर ठेवून दिले. त्याचे ६२५ रुपये उरले. त्याचे तीस रुपये कोठे गेले? ज्यांनी जादा भागांसाठी अर्ज केला आणि सोडून दिलेले भाग मिळविले, त्यांच्याकडे. पुष्कळदा हे जादा अर्ज करणारे खुद्द प्रवर्तकच असतात. समजा, तेवढेच भाग ११० ऐवजी ७५ रुपयांना काढले असते, तर भाव ११५ वर येऊन या तिसऱ्या गृहस्थाचे तीस नव्हे तर ऐंशी रुपये गेले असते. यावरून नियम निघतो तो असा : सवलत जितकी मोठी, तितकी जागणाऱ्याला ती निरुपद्रवी आणि झोपणाऱ्याला महाग.

आमच्या कारापूर-तिस्क परिसरात हा विषय निघतो तेव्हा तीन मते ऐकू येतात. निवृत्त शिक्षक म्हणतात, "स्वस्तात मिळते आहे, घेऊन टाकावे." बँकेत नोकरी केलेले गृहस्थ म्हणतात, "कंपनीला पैशाची नड आहे, म्हणून ती दारात आली. आधी नड कसली ते विचारा." तिसरे मत ट्रकमालकांचे. डिचोली तालुक्यातील खाणी २०१२ साली बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक विकून आलेले पैसे काहींनी भागांत घातले. त्यांच्यापैकी एक शेजारी म्हणाले, "मुलीच्या शिक्षणाचे पैसे आहेत. अजून घालायला माझ्याकडे काही नाही, म्हणून मी ते पत्र उघडलेच नाही." वरील गणितातला तिसरा भागधारक तो हाच. पैसे नसणे हा त्यांचा दोष नव्हे. पण पैसे नसलेल्यालाही आपला हक्क विकता येतो, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

पूर्वी हा हक्क विकणे कटकटीचे होते. कागदी फॉर्म भरून तो दुसऱ्याच्या नावे करावा लागे. जानेवारी २०२० मध्ये सेबीने हे हक्क डिमॅट खात्यात जमा करून शेअरबाजारात विकण्याची सोय केली. त्यानंतर मे २०२० मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने दर पंधरा भागांमागे एक या प्रमाणात, १,२५७ रुपयांना, सुमारे ५३ हजार कोटींचे हक्कभाग काढले. घोषणेच्या वेळी बाजारभाव सुमारे १,४६७ रुपये होता. आपल्या रीतीने हिशेब केल्यास नवा भाव १,४५४ च्या आसपास येतो. सवलत चौदा टक्के दिसली, तरी जुन्या भागाची घट जेमतेम तेरा रुपये. कारण पंधरास एक हे प्रमाणच लहान होते. म्हणून केवळ सवलतीचा टक्का पाहू नये, प्रमाणही पाहावे. या भागांचे पैसे तीन हप्त्यांत घेतले गेले : अर्जासोबत पाव रक्कम, मे २०२१ मध्ये पाव आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेली अर्धी. पहिला हप्ता भरताना पुढील दोहोंची तजवीज असावी लागते, हे सांगणे नलगे.

आता पुन्हा मुलुंडकडे येऊ. २०१२ साली फोर्टिसच्या अनेक रुग्णालयांच्या मालमत्ता एका न्यासाकडे जाऊन त्या न्यासाची सिंगापूरच्या बाजारात नोंदणी झाली. त्यांत मुलुंड आणि बन्नेरघट्टा रस्ताही होते. रुग्णालय चालविणारी कंपनी एक, इमारतीचा धनी दुसरा, आणि पहिल्याने दुसऱ्याला दरवर्षी शुल्क द्यावयाचे, अशी ही व्यवस्था. ब्रिटनमध्ये प्रायमरी हेल्थ प्रॉपर्टीज ही कंपनी अशाच रीतीने डॉक्टरांचे दवाखाने बांधून वा विकत घेऊन भाड्याने देते. तेथील भाड्याचा मोठा भाग सरकारी आरोग्यसेवेच्या तिजोरीतून येत असल्यामुळे गुंतवणूकदारांना ते खात्रीचे वाटते. फोर्टिसला मात्र हे शुल्क जड झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मलेशियाच्या आयएचएच या कंपनीला प्रत्येकी १७० रुपयांना भाग देऊन तिने सुमारे ४,००० कोटी रुपये घेतले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या मालमत्ता परत विकत घेतल्या.

येथे फरक ध्यानात घ्यावा. २००९ साली कंपनीने जुन्या भागधारकांना विचारले. २०१८ साली तिने एकाच बाहेरच्याला भाग दिले. किंमत बाजारभावापेक्षा चढी होती, म्हणजे सवलत नव्हतीच. तरीही आयएचएचकडे सुमारे ३१ टक्के भाग गेल्याने जुन्या भागधारकाचा हिस्सा शंभराचा एकोणसत्तर झाला. अशा विक्रीसाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत. लहान भागधारकाचा हक्क येथे मतापुरता उरतो. तेव्हा सवलतीचे हक्कभाग वाईट आणि चढ्या भावाची विक्री चांगली, असे सरसकट म्हणता येत नाही. पैसा कशासाठी घेतला, आणि आधी कोणाला विचारले, हे दोन प्रश्न भावापेक्षा वडील आहेत.

तात्पर्य, हक्कभागांचे पत्र हाती आल्यास पुढील गोष्टी तपासाव्यात. पैसा नवे रुग्णालय, नवी इमारत यांसाठी आहे की जुने कर्ज फेडण्यासाठी? इमारतीच्या मालकीची कंपनी असेल, तर भाडेकरू किती आणि करार किती वर्षांचे? एकच भाडेकरू असेल, तर त्याची प्रकृती तीच आपली प्रकृती. प्रवर्तक स्वतःचा वाटा घेणार आहेत काय? प्रमाण व किंमत घालून नवा भाव किती येतो? आणि शेवटची तारीख कोणती? मुदत किमान सात दिवस व जास्तीत जास्त तीस दिवस असते. हक्क विकण्याची मुदत तर त्याच्याही आधी संपते.

हे सारे पत्रात लिहिलेले असते, पण इंग्रजीत आणि बारीक टायपात. आपण मराठी व कन्नड दोन्ही जाणणारे विद्यार्थी आहोत. वाणिज्य मंडळाने वर्षातून एकदा असे एखादे पत्र घेऊन त्याचे दोन्ही भाषांत वाचन ठेवावे आणि त्यास गावातील भागधारकांना बोलवावे, अशी माझी सूचना आहे. पाच भागांच्या मालकाला आपले तीस रुपये कोठे जातात हे कळले, तर आपल्या पाच गुणांच्या टिपेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.